बालमणीअक्का पेपर वाचायची

"ए टेंभुर्णी, दार उघड आधी. मग वाचते."

बालमणीअक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलली ते एवढंच. मी सोलापुरात नवी होते. टेंभुर्णीहून लग्न होऊन आले होते. नवरा मिलमध्ये बदली कामगार, म्हणजे बोलावलं तर काम, नाहीतर घरी बसून माझ्यावर डाफरायचं काम. शेजारणीनं मला बिड्या वळायला शिकवलं आणि पूर्व भागातल्या एका बिडी कारखान्यात नेऊन बसवलं. कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबडी पत्र्याची खोली. दोन्ही भिंतींना टेकून बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पानं आणि तंबाखू. खिडकी एकच, तीही वाऱ्यानं तंबाखू उडू नये म्हणून मालकानं खिळे ठोकून बंद केलेली. हवा यायची ती दारातून. दाराजवळची जागा अक्काची होती आणि तिच्या शेजारची नेमकी रिकामी होती, म्हणून मला मिळाली.

मला वाटलं, बाईला उकडत असेल. दार उघडलं. तर अक्कानं सूप बाजूला सारलं, पदरानं हात पुसले, चष्म्याची दोरी कानामागं अडकवली आणि कमरेला खोचलेला पेपर काढून मोठ्यानं वाचायला लागली. आणि काय आवाज, बाई! घरात बोलताना ती हळू बोलायची, पण वाचायला बसली की रस्त्यापलीकडच्या पानपट्टीवाल्याचा कात लावणारा हात थांबायचा. आधी गावाचं नाव, मग तारीख, मग बातमी. तारीख ती कधी गाळायची नाही. मराठीत एक परिच्छेद झाला की तोच तेलुगूत सांगायची, कारण निम्म्या बायका तेलुगू विणकरांच्या घरातल्या होत्या. मध्येच अक्कलकोटकडची यल्लव्वा कानडीत काहीतरी पुटपुटायची, त्या बहुतेक सरकारला शिव्या असायच्या.

बिडी वळायला दोन हात लागतात आणि पेपर धरायलाही दोनच. मग वाचणारीचं काम बुडणार, त्याचं काय? त्यावर तोड बायकांनी फार पूर्वीच काढलेली होती. वाचन संपलं की प्रत्येक बाई आपल्या सुपातल्या थोड्या बिड्या उचलून अक्काच्या सुपात टाकायची. त्याला 'पेपराच्या बिड्या' म्हणायचे. कोणी मोजून द्यायचं नाही, अक्का मोजून घ्यायची नाही. पण द्यायच्याच. मी पहिल्या दिवशी दिल्या नाहीत, मला ठाऊकच नव्हतं, तर यल्लव्वा म्हणाली, "फुकट ऐकतीस व्हय गं? कान काय माहेरनं आणलास?" मी घाईघाईनं दिल्या, त्यात माझ्या दोन तर सुटलेल्याच निघाल्या. अक्कानं त्या गुपचूप पुन्हा बांधून घेतल्या.

अक्काचे नियम दोनच होते. दार उघडं ठेवून वाचायचं, आणि पेपरात आहे तेवढंच वाचायचं. वाचून झाल्यावर मग वाट्टेल ते बोला, भांडा, सरकारचा उद्धार करा. पण वाचताना आपला शब्द मध्ये घुसवायचा नाही. एकदा कोणा मंत्र्याचं भाषण वाचताना ती हसली, तर थांबली आणि म्हणाली, "हसलेलं माझं हाय. पेपरात नाही."

दाराची गोष्ट तिनं मला पुष्कळ उशिरा सांगितली. तिचा जन्म निजामाच्या राज्यातला. वडील विणकर. तिकडं सोलापूरचा पेपर लपूनछपून यायचा आणि वडील तो घरात दार लावून, आतून खुंटी घालून, ओठांतल्या ओठांत वाचायचे. आठ-दहा माणसं अंगाला अंग लावून ऐकायची. लहानगी बालमणी दाराला कान लावून बसायची, बाहेर बूट वाजले की सांगायला. एकदा बूट वाजले नाहीत, चपला वाजल्या, म्हणून ती बोलली नाही. वडिलांना नेलं. परत आले तेव्हा मागावर बसता येईल अशी त्यांची पाठ राहिली नव्हती. मग सगळं घर सीमा ओलांडून सोलापुरात आलं.

"इथं कोण होतं? इंग्रज," अक्का सांगायची. "तोबी चांगला नव्हताच की. या गावानं मार्शल लॉ बघितलेला. पण आमी आलो त्या दिवशी चौकात एक माणूस कट्ट्यावर उभा राहून पेपर वाचत होता. मोठ्यानं! माझा बाप रस्त्यात खाली बसला आणि रडला. मला म्हणाला, बालम्मा, इथं राहायचं."

म्हणून कुठल्याही देशाची बातमी आली की अक्का वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारायची. "तिथं दार उघडं ठेवून वाचतात का गं?" जणू काही आम्ही साऱ्या जग फिरून आलो होतो.

एकदा युनियनचे एक कॉम्रेड आले होते. माणूस सज्जन, पण रशिया म्हटलं की त्यांचे डोळे भरून यायचे. तिथं प्रत्येकाला काम, प्रत्येकाला घर, बाळंतपणाची भरपगारी रजा. आम्ही आ वासून ऐकत होतो. बाळंतपणाच्या रजेवर तर माझा विश्वासच बसेना. अक्कानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कॉम्रेड, तिथं बायका पेपर दार उघडं ठेवून वाचतात की लावून?"

कॉम्रेड गडबडले. म्हणाले, "अक्का, तिकडं बर्फ पडतं. दारं लावूनच बसावं लागतं."

आम्ही हसून हसून लोटपोट झालो. यल्लव्वाच्या सुपातला तंबाखू सांडला. कॉम्रेडही हसले, पण जाताना दारात थांबून उगाच चौकटीवरून हात फिरवत होते.

असा आमचा कारखाना जगभर फिरायचा. अमेरिकेच्या अध्यक्षाला खुर्ची सोडावी लागली ती बातमी अक्कानं वाचली तेव्हा यल्लव्वाला पटेना. "उतरवला कुणी? लष्करानं?" "नाही. पेपरवाल्यांनी त्याचं लबाडीचं काम छापलं, मग कोर्टानं विचारलं." यल्लव्वा म्हणाली, "मग आपला पेपर काय करतोय? सोन्याचा भाव छापतोय!" पोर्तुगालात सैन्यानंच जुलमी सरकार घालवलं आणि लोकांना मोकळं केलं, ही बातमी तर कोणालाच खरी वाटली नाही. अक्कानं ती दोनदा वाचली.

आणि चिली. दूर कुठंतरी दक्षिण अमेरिकेत. लष्करानं राज्य घेतलं, माणसं पकडून नेली, त्यांच्या आया-बायका ठाण्याठाण्यांवर विचारत फिरतायत आणि कोणी सांगत नाही, एवढीशी बातमी. वाचून झाल्यावर एक जण म्हणाली, "किती लांब हाय ना हे." बरं वाटलं सगळ्यांना ते लांब असल्याचं. मलाही वाटलं. खोटं कशाला बोलू?

आणीबाणी आली ती पेपरातूनच आली. अक्कानं गाव वाचलं, तारीख वाचली, बातमी वाचली. यल्लव्वानं विचारलं, "आणीबाणी म्हंजे काय?"

अक्कानं चष्मा काढला. "सरकारला भ्या वाटलालंय, असं दिसतं."

"सरकारला? कुणाचं?"

"आपलं असंल की," अक्का म्हणाली. आम्ही हसलो.

नंतरच्या दिवसांत एक विचित्र गोष्ट झाली. अक्काचं वाचन लवकर संपायला लागलं. पूर्वी चहा येईपर्यंत पुरायचं, आता चहाच्या आधीच ती पेपर घडी घालून कमरेला खोचायची. मला थोडं वाचता यायचं, पण पेपर अक्काच्या डोळ्यांपुढं असायचा. बाकी बायकांना अक्षर येत नव्हतं, पण वाचन किती वेळ चालतं ते त्यांच्या हातांना माहीत होतं. इतकी पानं वळून होईतो अक्का वाचते, हा त्यांचा हिशेब. तो चुकायला लागला. आता सरकार पेपरातल्या बातम्या कापतं हे या बायकांना कोण सांगणार? सरकार रेशन कापतं, पगार मालक कापतो, बातमी कोणी कापतं हे त्यांच्या डोक्यातच येईना. मग कापतं कोण? वाचणारी!

"मालकानं दाबलंय अक्काला," यल्लव्वा माझ्या कानाशी लागली. "मोठी मोठी माणसं धरलीत म्हणं. गावात सगळे बोलतात. ही वाचंना. खाऊन बसली."

आणि पेपराच्या बिड्या कमी झाल्या. आधी दोघी-तिघींनी बंद केल्या, मग रांगच बंद झाली. अक्का वाचायची, घडी घालायची, सूप ओढून उरलेल्या वेळात भराभरा वळायची. संध्याकाळी तिचं काम अपुरं निघायचं. चेकर महादप्पा, म्हणजे बिड्या तपासून घेणारा माणूस, तिच्याकडं बघून जीभ टाळ्याला लावून च्च् च्च् करायचा. ती कोणाला एका शब्दानं विचारायची नाही. मला मात्र राहवेना. मी म्हणाले, "अक्का, बायका म्हणतात तू गाळतीस."

तिचा चेहरा असा झाला, की मी बोलले नसते तर बरं, असं वाटलं. माराचा राग येतो, शिव्यांचा येतो, पण हा राग नव्हता. ती उठली. पेपर उलगडून धरला आणि पहिल्या सुपापासून एकेका बाईसमोर वाकून उभी राहायला लागली.

"बघ. हे काय हाय?"

"अक्षरं."

"आणि हे?"

"काय न्हाय. पांढरं हाय."

"मग मी काय वाचू? सांग!"

छापलेल्या मजकुराच्या मधोमध कोरी जागा होती. हात हात लांब. एकेका बाईचं बोट धरून ती त्या कोऱ्या जागेवरून फिरवत होती. तंबाखूनं पिवळी पडलेली बोटं, त्यांचे डाग त्या पांढऱ्यावर उठले. यल्लव्वापाशी आली तेव्हा यल्लव्वानं मानच वर केली नाही. नुसत्या ओंजळभर बिड्या उचलल्या आणि चालत जाऊन अक्काच्या सुपात ओतल्या.

त्या दिवसापासून अक्का कोरी जागाही वाचायला लागली. म्हणजे बातमी वाचत वाचत तिथपर्यंत आली की थांबायची, नजर ओळीओळीनं खाली न्यायची आणि तेवढा वेळ गप्प राहायची. खोलीत फक्त कात्रीची कचकच. मग पुढची बातमी. दार उघडंच असायचं. पलीकडचा पानपट्टीवाला पण गप्प उभा राहायचा. गप्प राहण्याबद्दल कोणाला धरता येत नाही, असं आम्हाला तेव्हा वाटत होतं.

पुढं कोरी जागाही येईना. सगळा पेपर भरून, गुळगुळीत. गाड्या वेळेवर धावतायत, लोक शिस्तीत वागतायत, सगळं सुरळीत. अक्का तेही वाचायची, त्याच आवाजात, तारखेसकट. आणि सगळंच खोटं होतं असंही नाही हो, तेही सांगितलं पाहिजे. त्याच दिवसांत एक सरकारी साहेब कारखान्यात आला. मालक पूर्वी आमच्या निम्म्या बिड्या 'वाईट' म्हणून छाटायचा, त्यांची मजुरी द्यायचा नाही आणि त्याच बिड्या बाजारात विकायचा. साहेबानं ते बंद करवलं. मालक घामाघूम होऊन "हो साहेब, हो साहेब" करत होता आणि आम्ही सुपाआड हसत होतो. यल्लव्वानं त्या दिवशी कानडीत शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "असलंच सरकार पायजे." अक्का म्हणाली, "चांगलं केलं. चांगलंच केलं की." मनापासून म्हणाली.

आणि त्यानंतरच्या आठवड्यात अंबादासला नेलं.

अंबादास तिचा एकुलता मुलगा. पॉवरलूमवर कामाला. उंच, हसरा, बोलताना हात फार हलवायचा. आईसारखाच आवाज. त्यानं काय केलं होतं? मागवाल्या मालकानं बोनस दिला नाही, तर फाटकापाशी उभा राहून म्हणाला, उद्यापासून माग बंद ठेवू या. एवढंच. संप करायला बंदी होती, आणि तो हे आईच्या आवाजात बोलला, लांबपर्यंत ऐकू जाईल असं. सकाळी नळावर पाणी भरायला गेला होता, तिथून उचलला. घागर नळाखाली भरून वाहत राहिली. शेजारणीनं ती घरी आणून दिली.

अक्कानं कुठं विचारलं नाही असं ठिकाण नाही. ठाण्यात म्हणाले, इथं नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, माहीत नाही. वकील दार उघडेनात. ज्या पुढाऱ्यांना विचारायचं ते स्वतःच आत. कॉम्रेडही बेपत्ता. कोणी म्हणायचं येरवड्याला, कोणी म्हणायचं नाशिकला. ती रोज कामावर यायची, दार उघडायची, वाचायची. पण आता मी शेजारून बघत होते. तोंडानं वरची बातमी वाचताना तिचे डोळे खालच्या बातम्यांतून पळत असायचे. मुलाचं नाव शोधायची. पेपर संपला की उलटून मागचं पान बघायची, जाहिराती बघायची.

एक दिवस माझ्याशी म्हणाली, "ए टेंभुर्णी, चिलीतल्या आयांचं छापलं होतं. आठवतं का?"

"आठवतं."

"तिथलं इथं छापतात. इथलं छापत नाहीत. मग तिथल्या पेपरात आपलं येत असंल का गं? कुणीतरी बाई वाचत असंल तिथं?"

मी म्हणाले, "असंल अक्का."

"एकच सरकार हाय बघ," ती बिडी बांधत म्हणाली. "त्यानंच माझ्या छाटलेल्या बिड्या वाचवल्या. त्यानंच माझा पोरगा नेला. शिव्या देऊ तर कुठल्या हाताला देऊ?"

मग तो दिवस आला. अक्का नेहमीसारखी वाचत होती. पहिलं पान झालं, उलटलं. मधल्या पानावर खाली कोपऱ्यात शक्तिवर्धक औषधाची जाहिरात होती, दंड फुगवलेला माणूस. मी शेजारी बसून ती स्वच्छ बघत होते. अक्का तिथं आली. घसा खाकरला. आणि वाचायला लागली.

"सोलापूर. आमच्या वार्ताहराकडून. येथील पूर्व भागातील अंबादास नावाच्या मागकामगारास पोलिसांनी नेले असून त्यास कोठे ठेवले आहे, हे त्याच्या आईस सांगण्यात आलेले नाही. सदर कामगाराने कोणताही गुन्हा केलेला नाही. त्याची आई रोज कामावर जाते. तिची तब्येत ठीक आहे."

तोच आवाज, तीच पेपरातली भाषा, एक शब्द अडखळला नाही. फक्त तारीख वाचली नाही. माझे हात थांबले. मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं बघितलं नाही. मग तिनं तेच तेलुगूत सांगितलं, आणि तेलुगूत सांगताना मात्र शेवटच्या वाक्याला तिचा आवाज फुटला.

बायका ढसाढसा रडल्या. पण आनंदानं हो! छापून आलं! म्हणजे कोणीतरी दखल घेतली. आता सोडतील. यल्लव्वानं अक्काच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी तोंड उघडलं नाही. मला उघडायचंच नव्हतं.

संध्याकाळपर्यंत सगळ्या पूर्व भागात झालं, अंबादासचं पेपरात आलंय. अक्का कधी नसलेलं वाचत नाही, हे सगळ्या भागाला ठाऊक होतं. ज्यांची माणसं नेलेली होती त्या घरांतून लोक पेपर शोधत बाहेर पडले. नव्या पेठेपर्यंत गेले, मिळेल त्या स्टॉलवरून तो अंक घेतला, वाचता येणाऱ्याला धरून आणलं. कोणाला बातमी सापडेना, तर म्हणाले, आपल्या अंकात छापायची राहिली असेल, दुसरा घे. एका पोराचं नाव आलं, तर आपल्याही पोराचं येईल, या आशेवर माणसं पेपर कार्यालयाच्या दारात जाऊन उभी राहिली.

मग पोलीस आले. साहेब तरुण होता, शिकलेला, आवाज चढवत नव्हता. महादप्पा त्याच्या मागं उभा, तोंड पांढरंफटक. साहेबानं तो अंक अक्कापुढं धरला. "बाई, वाच. कुठं आहे ती बातमी?"

अक्कानं हात पुसले, चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. साहेब म्हणाला, "सगळं नको, ती बातमी." ती थांबली नाही. गाड्या वेळेवर, लोक शिस्तीत, सगळं तारखेसकट वाचलं. साहेबानं ऐकून घेतलं, का कोण जाणे. जाहिरातीपाशी आली आणि बोट ठेवलं. "इथं."

"इथं तर औषधाची जाहिरात आहे."

"व्हय साहेब. इथं माझ्या पोराची बातमी यायला पायजे होती. औषध आलं."

साहेबानं बायकांना विचारलं. सगळ्या एका सुरात म्हणाल्या, पेपरात होतं, आम्ही ऐकलं. त्यांना अजूनही तसंच वाटत होतं. मला विचारलं, "तुला वाचता येतं म्हणे. होतं का?" मी म्हणाले, "साहेब, मी खाली मान घालून बिड्या वळत होते." अक्कानं हलकेच माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उठून त्यांच्याबरोबर गेली.

तिला डांबलं नाही. डांबलं असतं तर परवडलं असतं, असं मला कधी कधी वाटतं. तिला रोज सकाळी ठाण्यात बोलवायचे आणि बाहेरच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवायचे. विचारायचे काही नाही. येणारे-जाणारे बघायचे. काम बुडालं, चूल कशी चालली तिलाच माहीत. आम्ही तिचं रिकामं सूप तिच्या जागेवर ठेवलं आणि त्यात रोज पेपराच्या बिड्या टाकल्या. महादप्पा, जो वाऱ्याच्या झुळकीला भ्यायचा, तो त्या बिड्या तिच्या नावावर धरायचा आणि मालकाला सांगायचा नाही.

बरेच दिवसांनी ती कामावर परतली तेव्हा कारखान्याचं दार बंद होतं. मालकाचा हुकूम. आतून कडी, वाचन बंद. तंबाखूची धूळ आतल्या आत फिरायची, सगळ्या खोकायच्या. अक्काचा खोकला तेव्हाचा. आम्ही तिच्या नावावर धरलेली मजुरी तिला दिली, तर तिनं हातही लावला नाही. "वाचलं नाही, मग घेऊ कशाची?" आम्ही सुपात बिड्या टाकल्या, तर उठून जिच्या तिच्या सुपात परत टाकल्या.

निवडणूक झाली, सरकार पडलं. गल्लीत गुलाल, फटाके. आम्हीच पुढं होऊन कारखान्याचं दार सताड उघडलं. मालक बघत राहिला. पेपर पुन्हा बोलायला लागला, नको इतकं बोलायला लागला. बायका तेलुगूत, मराठीत म्हणाल्या, "चदुवक्का! वाच, अक्का!" यल्लव्वानं स्वतः पेपर विकत आणून तिच्या मांडीवर ठेवला.

अक्कानं तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"मी एकदा नसलेलं वाचलं," म्हणाली. "आता मी वाचलेलं तुमी कसं धराल?"

"अक्का, ते खरंच होतं की!" यल्लव्वा रडकुंडीला आली.

"खरं होतं. पण पेपरात नव्हतं."

किती समजावलं. ऐकलं नाही. त्या दिवसापासून मी वाचायला लागले. गाव आधी, मग तारीख. मी चुकले की शेजारून ती बोट ठेवून दाखवायची, पण तोंडातून शब्द काढायची नाही. मला त्या सरकारचा सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर याचा. माणसं सुटली, पेपर सुटले. अक्काचं वाचन काही सुटलं नाही.

अंबादासही सुटला. आला तेव्हा मी बघायला गेले होते. हात हलवत बोलणारा पोरगा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता. तिथं काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मागावर परत गेला नाही. घराचं दार उघडं राहिलं की त्याला घाम फुटायचा.

पुढं अक्काचा खोकला वाढला आणि ती घरीच राहायला लागली. कामावरून सुटले की मी पेपर घेऊन तिच्याकडं जायची. शेवटचं गेले तो दिवस उन्हाळ्याचा होता. दार आतून बंद. मी हाक मारली, पुन्हा मारली, नाव सांगितलं. बऱ्याच वेळानं अंबादासनं फटीतून बघितलं आणि मला आत घेतलं. माझ्या पाठीमागं लगेच कडी घातली. खोलीत उजेड होता तो कौलातून पडेल तेवढा. अक्का अंथरुणावर उशीला टेकून बसली होती. मांडीवर सूप. हातात ताकद नव्हती, तरी चार बिड्या वळत होती.

"बातमी हाय," मी उत्साहानं म्हणाले. त्या दिवशी खरंच मोठी बातमी होती. आणीबाणीत नेलेल्या माणसांची चौकशी चालली होती, त्यांच्यावर काय काय गुदरलं ते पानभर छापलं होतं. त्यात सोलापूरचंही नाव होतं. मी पेपर उघडला, घसा साफ केला आणि तिनंच शिकवलेल्या आवाजात सुरुवात केली.

कोपऱ्यात अंबादास दचकला. भिंतीला चिकटून उभा राहिला आणि दाराकडं बघायला लागला.

अक्कानं माझं मनगट धरलं. "दाखव आधी," म्हणाली. मी पेपर तिच्या डोळ्यांपुढं धरला. तिनं सोलापूरचं नाव शोधलं, त्यावर बोट ठेवलं, ओळ संपेपर्यंत नेलं. छापलेलं होतं. मग तिनं मुलाकडं बघितलं, कडी घातलेल्या दाराकडं बघितलं.

"हळू वाच, शालन," ती म्हणाली. टेंभुर्णी नाही म्हणाली, माझ्या नावानं बोलली. "ओठांतल्या ओठांत वाच."

मी तिच्या अंगाला अंग लावून बसले आणि कुजबुजत वाचलं, तारखेसकट, शेवटच्या ओळीपर्यंत. अंबादास दाराला कान लावून बसला होता. वाचून झाल्यावर अक्कानं त्या चार बिड्या उचलल्या आणि माझ्या ओटीत टाकल्या.